चव्वेचाळीस डावे

आत्या, आधी बातमी सांगते, रडायचं नंतर बघू. जॅकेटं झाली! बावीसच्या बावीस. शोभाताईच्या गायन पार्टीतल्या बायका ती घालून जयंतीच्या स्टेजवर उभ्या राहिल्या, आणि पहिलं गाणं अर्ध्यावर यायच्या आत खाली बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, हे असं अर्धं गडद, अर्धं फिकं कुठं मिळतं गं?" मला खुर्चीवर उभं राहून ओरडावंसं वाटलं. मी तुला सांगायला मागे वळले. स्कूटरवर तू नेहमी मागे बसायचीस ना, त्यामुळे काही भारी दिसलं की माझी मान मागेच जाते. मागे एक अनोळखी आजोबा शेंगदाणे खात बसले होते.

तुला जाऊन महिना होत आला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागलेली मुलगी, बायकांना कटिंग टेबलाजवळ कुणी उभं करत नव्हतं तेव्हा कटिंग मास्टर झाली, मग कॅम्प पाचमध्ये स्वतःचा गाळा घेतला, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, भावाच्या मुलीला शिकवलं. खरं आहे सगळं. पण ऐकताना वाटत होतं, ही कुणी फोटोतली बाई आहे. ही बाई माझ्या खांद्यावर टिचक्या मारून "ए प्रज्ञे, ती हिरवी साडी बघ" म्हणणारी नव्हे.

आपल्या त्या फेऱ्या! बेलवलीतून निघालो की अंबरनाथ येईपर्यंत तुझी कॉमेंट्री चालू. "ती बघ, मुळात एवढी उंच, त्यात ड्रेसवर उभ्या पट्ट्या. आता पंख्याला टेकणार." "ह्याचा शर्ट बघ, मांडीपर्यंत. बिचाऱ्याचे पायच गायब केले शिंप्यानं." सिग्नलला थांबलो की तू जरा जोरातच बोलायचीस आणि मी हेल्मेटमध्ये लाजून मरायचे. मी म्हणायचे, "आत्या, ह्याला प्रमाण चुकणं म्हणतात." तू म्हणायचीस, "म्हणू देत. तू त्याला शर्ट आखूड कर म्हणून सांग."

ह्या भांडणाची सुरुवात माझ्या वहीपासून झाली, आठवतं? डिप्लोमाचा पहिला आठवडा. मी मोठ्या ऐटीत वही तुझ्यापुढे ठेवली. एका पानावर डिझाइनचे घटक: रेषा, आकार, रंग, पोत. दुसऱ्या पानावर तत्त्वं: समतोल, प्रमाण, लय, ठळकपणा, एकसंधपणा. तू चष्मा शोधलास, तो नेहमीप्रमाणे सापडला नाही, मग वही हातभर लांब धरून वाचलीस आणि म्हणालीस, "बरं. म्हणजे हे सामान, आणि हा स्वयंपाक." मी इतकी चिडले! आमच्या मॅडमना तेच समजावायला अख्खी सकाळ लागली होती.

तू त्या वहीला कधी वाईट म्हणाली नाहीस, हे आज कबूल करते. फक्त तिच्यातला प्रत्येक शब्द कापडावर घासून बघायचीस. पोत म्हणजे काय, तर तू माझे डोळे बंद करायला लावून बोटांखाली तुकडे सरकवायचीस: खादी, पॉपलिन, डेनिम, पुन्हा डेनिम पण धुतलेलं. लय म्हणजे काय, तर बटणांमधलं अंतर. बटणवाले सिंधी काका तुला 'अदी' म्हणायचे, म्हणजे ताई, आणि तू त्यांच्याच काउंटरवर बटणं मांडून मला दाखवायचीस की अंतर जरा बिघडलं की नजर कशी ठेचकाळते. काका म्हणायचे, "अदी, दुकान है मेरा, स्कूल नहीं." आणि स्वतःच पुढे वाकून बघायचे.

मग शोभाताईची ऑर्डर आली. बावीस बायका, पांढऱ्या साड्या, त्यावर बिनबाह्यांची निळी जॅकेटं. तू जीन्सचं कापड काढलंस, चांगलं जाड, गर्द निळं. आणि मी म्हणाले, ही ऑर्डर मी करणार. कापड अंथरण्यापासून शेवटपर्यंत. तू मधे पडायचं नाहीस.

तू खरंच मधे पडली नाहीस. तू डॉक्टरकडे गेली होतीस त्या सकाळी. छातीत जळजळतंय म्हणालीस, ॲसिडिटी असेल म्हणालीस, आणि मी कापडाच्या नादात "हो हो, जाऊन ये" म्हणाले. ते "हो हो" मला अजून टोचतं.

आता मी काय केलं ते पुन्हा सांगते. तुला माहीत आहे, पण मला ते एकदा नीट सांगायचंय. तू कापड नेहमी जाता-येता अंथरायचीस, म्हणजे एका थराची सुलटी बाजू वर, पुढच्या थराची खाली. त्यामुळे एकच फर्मा ठेवून कापलं की एका थरातून डावा भाग निघतो आणि दुसऱ्यातून आपोआप उजवा. म्हणून तर तुझ्याकडे पुढच्या भागाचा पुठ्ठ्याचा फर्मा एकच होता. मला मात्र वर्गात शिकवलं होतं की सगळे थर एकाच दिशेला, सुलटी बाजू वर. मी तसे अंथरले. बावीस थर, एक सुरकुती नाही. मग त्यावर तुझा फर्मा ठेवला, खडूनं आखला, शेजारी सरकवून पुन्हा आखला. उलटा करायला हवा होता. केला नाही. अर्धं काम माझ्या पद्धतीनं, अर्धं तुझ्या पद्धतीनं, आणि कटिंग मशीन सुरू.

पाठी बरोबर आल्या. पुढचे भाग उचलले तर डावा, डावा, डावा. रफीकचाचांनी शिलाई मशीनवरून मान वर केली. पंचवीस वर्षं तुझ्या हाताखाली शिवणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, वाट लग गयी." चव्वेचाळीस डावे, उजवा एकही नाही. त्याच शेडचं कापड बाजारात संपलेलं, आणि पुढचा माल जयंतीनंतर.

तू आलीस तेव्हा मी टेबलाखाली बसले होते. खरंच, खाली. सत्तावीस वर्षांची घोडी, टेबलाखाली बसून रडतेय. तू वाकून बघितलंस, मग टेबलावर बघितलंस. मला वाटलं, आता कानाखाली येणार. आणि वरून आवाज आला, "प्रज्ञे, बाहेर ये. हे बघ. अगं आधी बाहेर ये तर!"

तू एक डावा भाग उलटा केला होतास. डाव्याचा उजवा झाला होता आणि त्याची आतली बाजू बाहेर आली होती, जीन्सची ती फिकी, दुधी निळी बाजू. तू तो फिका भाग गर्द डाव्या भागाच्या शेजारी ठेवलास. मी उभी राहिले आणि रडायचं विसरले. मग तू माझं बोट धरून कापडावर ठेवलंस. "रेषा बघ." जीन्सची वीण तिरकी असते हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण उलट्या बाजूला ती वीण दुसरीकडे झुकते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. डावीकडच्या बारीक रेषा आणि उजवीकडच्या बारीक रेषा मधोमध एकमेकींना येऊन भेटत होत्या. नीट कापलं असतं तर दोन्हीकडच्या एकाच बाजूला पळाल्या असत्या. तू म्हणालीस, "बघितलंस? बरोबर केलं असतंस तर हे झालं नसतं."

आणि मग आपण दोघी वेड्यासारख्या सुटलो! भाग उलटव, ठेव, लांब जाऊन बघ, पुन्हा ठेव. रफीकचाचा चहा घेऊन आले, तो गार झाला. मी ओरडत होते, "आत्या, हा समतोल आहे! दोन्ही बाजू सारख्या नाहीत तरी तोल जात नाही! हे पुस्तकात आहे!" आणि तू ओरडत होतीस, "पुस्तकात आहे ना, मग टेबलाखाली काय करत होतीस?" इतकं मी आयुष्यात हसले नाही.

दुसऱ्या दिवशी शोभाताई माप बघायला आली. जोडलेलं जॅकेट बघून गालावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! हे कुणाच्या डोक्यातनं आलं?" तू माझ्याकडे बोट केलंस. "आमच्या डिझायनर बाई." आणि मी, आत्या, मी हसले आणि गप्प बसले. शोभाताईनं माझा मुका घेतला, मी तोही घेऊ दिला. तू जाऊन हसत हसत कात्रीला तेल घालायला लागलीस. ते माझ्या मनात अडकून बसलं आहे. तुला संध्याकाळी स्कूटरवर सांगू म्हटलं, जमलं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग आपण खिशावरून भांडायला लागलो आणि तो विषय मागेच पडला.

खिसा! एकच खिसा ठेवायचा हे तुझं, आणि त्यात माझं दुमत नव्हतं. नजर एकाच ठिकाणी थांबली पाहिजे. पण कुठल्या ठिकाणी? मी म्हणाले, डावीकडे, गर्द भागावर फिका खिसा, छातीपाशी. तू म्हणालीस, उजवीकडे, फिक्या भागावर गर्द खिसा, आणि खाली, कमरेच्या वर चार बोटं. मी म्हणाले, खिसा डावीकडेच असतो. तू म्हणालीस, "तो पुरुषांच्या शर्टाचा. त्यात पेन ठेवतात ते." मी डमीवर दोन्ही लावून दाखवले, फोटो काढून दाखवले. डमीवर माझाच छान दिसत होता आणि तुलाही ते दिसत होतं, खोटं बोलू नकोस. तरी तुझं एकच. "साडी नेसून ये, मग बोल." मी म्हणाले, साडीचा काय संबंध? मला साडी येत नाही हे काढायचंय का तुला? तू म्हणालीस, "नेसून तर ये, बये." चार दिवस हेच. शेवटच्या संध्याकाळी मी तुला बेलवलीत दारात सोडलं आणि स्कूटर लावता लावता पुन्हा म्हणाले, "डावीकडे." तू जिन्यातून "उजवीकडे" म्हणालीस आणि वर गेलीस. सकाळी चहाचं आधण ठेवून खुर्चीत बसलीस ती उठलीच नाहीस.

आत्या, हे मला रागानं लिहावंसं वाटतं. असं भांडण अर्ध्यावर टाकून जातात का?

पुढचे दिवस मी गाळ्यावर गेलेच नाही. रफीकचाचांनी एकदा फोन केला, "बेटा, सब तैयार है, सिर्फ पॉकेट बाकी. किधर लगाऊं?" मी म्हटलं, सांगते. शोभाताईच्या बायकांनी गायचं की नाही ह्याचीच चर्चा चालली होती, मग त्यांनी ठरवलं की गायचं, सुमनची शेवटची ऑर्डर आहे. म्हणजे आता सगळं माझ्या एका खिशावर अडलं होतं. मी डावीकडे म्हणाले असते तर कुणी हरकत घेणार नव्हतं. तूच नव्हतीस. जिंकणं इतकं सोपं झालं होतं की मला ते नको होतं.

पुण्यानुमोदनाला आईनं मला तुझी पांढरी साडी नेसवली. पाहुणे जेवून गेले, घरच्या चार बायका उरल्या. शोभाताई मला म्हणाली, "ते नमुन्याचं जॅकेट घरीच आहे ना? घाल बघू एकदा. तिला बघायचं होतं तुझ्या अंगावर." मी साडीवर जॅकेट चढवलं, मासिकात दाखवतात तसं, पदर आत दाबून. शोभाताईनं बघितलं, आणि काही विचार न करता, सवयीनं, हात घालून माझा पदर बाहेर ओढला आणि जॅकेटवरून डाव्या खांद्यावर टाकला. "पदर आत कोंडून कोण गातं गं? गुदमरायला होतं."

मी तुझ्या कपाटाच्या आरशात बघितलं. गर्द डावा भाग पदराखाली गेला होता, फक्त एक निळी कड दिसत होती. मधे ती निळी कड, इकडे पांढरा पदर, तिकडे फिका उजवा भाग, मोकळा, रिकामा. खिशाची जागा तिथं अशी उघडी पडली होती की आंधळ्यालाही दिसावी. माझा डावा खिसा पदराखाली कायमचा गाडला गेला असता. बावीस बायकांचे बावीस खिसे, एकही कुणाला दिसला नसता, एकीचाही हात पोचला नसता. डमी पदर घेत नाही, आत्या! मी चार दिवस एका डमीच्या बाजूनं भांडत होते!

मी हसायला लागले. पुण्यानुमोदनाच्या घरात, तुझ्या फोटोसमोर, मोठ्यानं. बाबा दारात येऊन उभे राहिले, त्यांना वाटलं मला काही झालं. आई घाबरली. मग हसता हसता मला जे रडू फुटलं ते तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट फुटलं. साडी नेसून ये, मग बोल. आले होते ना मी साडी नेसून. तू कुठं होतीस?

त्याच दुपारी रफीकचाचांना फोन केला. "उजवीकडे, चाचा. फिक्यावर गडद. कमरेच्या वर चार बोटं." ते म्हणाले, "मालूम है. मास्टरजी ने पहले ही बोल रखा था. मैं तो तेरे बोलने का वेट कर रहा था." म्हणजे तू गुपचूप सांगून ठेवलं होतंस आणि तरी त्यांना माझ्या होकाराशिवाय शिवू दिलं नव्हतंस. किती बदमाश बाई आहेस तू!

आता स्टेजचं सांगते. दुसऱ्या गाण्याआधी शोभाताईला गाण्यांची वही वाचायची होती. डाव्या हातात माईक. तिनं खाली न बघता उजवा हात खिशात घातला, चष्मा काढला आणि डोळ्यावर चढवला. झालं. इतकंच. पण मी शिट्टी वाजवली, दोन बोटं तोंडात घालून, शेंगदाणेवाले आजोबा दचकले. कमरेच्या वर चार बोटंच का, हे तेव्हा कळलं. जन्मभर चष्मा शोधत फिरलेल्या बाईनं तो खिसा काढला होता. माझ्या वहीत ठळकपणा म्हणजे नजर थांबते ती जागा. तुझ्या हिशेबात तिथं हातही थांबला पाहिजे.

मग माईकवरून माझं नाव पुकारलं. "ह्या जॅकेटांच्या डिझायनर प्रज्ञाताईंनी स्टेजवर यावं." मी ठरवून गेले होते की सांगायचं. तुझं नाव घ्यायचं, चूक सांगायची, सगळं. कुणी तरी गुलाबाचं फूल हातात दिलं, टाळ्या झाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "थँक्यू." पुन्हा तेच. पुन्हा हसले, पुन्हा गप्प. घरी येताना मागच्या रिकाम्या सीटकडे बघायची मला लाज वाटली.

पण थांब, खरी बातमी पुढेच आहे. कुळगावच्या एका महिला मंडळाला तीस जॅकेटं हवी आहेत, अगदी तशीच. काल त्यांच्या अध्यक्षबाई मापं घेऊन कॅम्प पाचात आल्या. स्वतः घरी ब्लाउज शिवतात, नजर तयार. मी म्हटलं, बसा, कापड अंथरतेच आहे. नवा रोल आला होता. मी तुझ्यासारखं जाता-येता अंथरायला हात पुढे केला आणि थबकले. असं अंथरलं तर निम्मे उजवे निघतील. मग फिकी बाजू येणार कुठून? मी थर मोकळा केला आणि पुन्हा पहिल्यापासून अंथरला, सगळे थर सुलटी बाजू वर. तुझा पुठ्ठ्याचा फर्मा घेतला, आखला, सरकवला, न उलटता पुन्हा आखला.

बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं अगं, थांब पोरी! दोन्ही डावे आखलेस की!"

रफीकचाचांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खडू खाली ठेवला.

"हो," मी म्हणाले. "पहिल्यांदा मी चुकून असेच कापले होते. चव्वेचाळीस. मी टेबलाखाली बसून रडत होते. माझ्या आत्यानं एक उचलून उलटा केला, तेव्हा हे जॅकेट झालं. सुमन मास्टर. डिझाइन तिचं आहे, खिसासुद्धा तिचाच. माझी फक्त चूक आहे."

बाईंनी वाकून खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं. "आणि आता तीच चूक मुद्दाम करतेयस?"

"अगदी तश्शीच," मी म्हणाले.

मग कटिंग मशीन सुरू केलं. साठ डावे निघाले, आत्या. दोनदा बघितलं. एकही उजवा नाही.